कारमान गियाचा क्लच बदलूनही थरथर परत येते तेव्हा

गोव्यात रिबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीतून ओहोटीच्या वेळी गाडी उतरवायची म्हणजे बोटीच्या फळीवरून धक्क्याच्या ओल्या चढावर हळूहळू, अर्ध्या क्लचवर चढावे लागते. गेल्या वर्षीच्या आधीच्या मार्च महिन्यात या चढावर पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडू लागताच माझी गाडी मागच्या बाजूने इतकी जोरात थरथरली की डॅशबोर्डवरची काच वाजू लागली आणि इंजिन बंद पडेल की काय असे वाटले. त्या गाडीचा क्लच त्याआधी दोनदा बदलून झाला होता. तिसऱ्यांदा काम हाती घेण्यापूर्वी मी एक निश्चय केला की, क्लच का बिघडतो हे पुराव्यानिशी कळल्याखेरीज नवीन प्लेट विकत घ्यायची नाही. त्या शोधात जे सापडले ते येथे सविस्तर लिहितो, कारण मागे इंजिन असलेल्या जुन्या फोक्सवॅगन गाड्या बाळगणाऱ्या अनेकांना हाच त्रास वारंवार होतो आणि बहुतेक वेळा दोष प्लेटचा मानला जातो.

माझी गाडी १९६९ सालची फोक्सवॅगन कारमान गिया आहे. ओस्नाब्रुक येथील कारमान यांच्या कारखान्यात १९५५ ते १९७४ या काळात या कूपे गाड्या बांधल्या गेल्या. अंग डौलदार असले तरी खालचा सांगाडा, गिअरबॉक्स आणि हवेने थंड होणारे चार सिलिंडरचे इंजिन बीटलचेच आहे. त्यामुळे येथे लिहिलेले जवळजवळ सर्व बीटललाही लागू पडते. माझ्या गाडीत १४९३ सीसीचे इंजिन आहे, क्लच प्लेट २०० मिलिमीटर व्यासाची आहे आणि रिलीज बेअरिंग (पॅडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) जुन्या पद्धतीचे, म्हणजे मार्गदर्शक नळी नसलेले आहे. हा शेवटचा तपशील पुढे महत्त्वाचा ठरेल.

पहिल्या वेळी एका गॅरेजमध्ये फक्त क्लच प्लेट बदलण्यात आली आणि साधारण चार महिन्यांत थरथर परत आली. दुसऱ्या वेळी मी फोंड्यातील घराच्या पोर्चमध्ये स्वतः इंजिन उतरवले आणि प्लेट, प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला स्प्रिंगांनी दाबून धरणारा भाग) व रिलीज बेअरिंग असा पूर्ण संच बसवला. तो एक पावसाळा टिकला. दोन्ही वेळी काढलेल्या प्लेटची जाडी भरपूर शिल्लक होती, तिच्यावर तेलाची काळपट चकाकी मात्र होती. ती खूण मी दुसऱ्या वेळी पाहिली होती, पण तिचा पाठपुरावा केला नाही. सुटे भाग नवीन असले की काम नीट झाले असे मी तेव्हा धरून चाललो होतो.

सर्वप्रथम तक्रार नेमकी कोणती आहे हे ठरवावे लागते, कारण क्लचचे तीन वेगळे आजार एकाच शब्दात सांगितले जातात. क्लच घसरत असेल तर सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ताशी चाळीसच्या वेगाने जाताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर इंजिनचा आवाज चढतो, पण गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही. ही चाचणी एकदाच करावी, कारण प्रत्येक वेळी प्लेट जळते. क्लच पूर्ण सुटत नसेल तर इंजिन मंद गतीवर ठेवून, पॅडल दाबून, चार-पाच सेकंद थांबून रिव्हर्स टाकावा. या गाडीच्या रिव्हर्सला सिंक्रोमेश (गिअर टाकताना दातांचा वेग जुळवणारी रचना) नसल्यामुळे प्लेट थोडी जरी फिरत राहिली असेल तरी दात खरडल्याचा आवाज येतो. तिसरा आजार थरथरीचा. तो फक्त क्लच पकडत असताना दिसतो, एकदा पूर्ण पकडला की गाडी शांत चालते. माझी तक्रार ही तिसरी होती.

येथे आपल्या हवामानाशी संबंधित एक चौथी गोष्टही सांगितली पाहिजे. जून ते सप्टेंबर गाडी झाकून एका जागी ठेवली तर फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या टोकाला फिरणाऱ्या जड चाकाच्या, उघड्या लोखंडावर गंज चढतो आणि प्लेट त्याला चिकटून बसते. चवथीच्या आधी गाडी बाहेर काढताना पॅडल खाली जाते, पण क्लच सुटतच नाही. अशा वेळी इंजिन उतरवण्याची घाई करू नये. इंजिन चांगले गरम करून बंद करावे, मोकळ्या जागेत पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून ठेवून ते पुन्हा सुरू करावे आणि गाडी चालत असताना अॅक्सिलरेटर व ब्रेक आलटून पालटून वापरावेत. बहुधा प्लेट सुटते. त्यानंतर काही दिवस थोडी थरथर राहते व गंज घासला गेला की ती आपोआप जाते. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा गाडी थोडी फिरवून आणली तर हा प्रसंगच येत नाही. लाकडी दांडका लावून पॅडल दाबलेल्या स्थितीत चार महिने ठेवण्याची पद्धतही आहे, परंतु त्यात केबलवर आणि प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगांवर विनाकारण ताण राहतो, म्हणून मी गाडी फिरवणेच पसंत करतो.

माझ्या गाडीची थरथर गंजाची नव्हती, कारण गाडी रोज चालत होती. मडगावचे एक वयोवृद्ध मेस्त आहेत, ज्यांनी तरुणपणापासून फोक्सवॅगनवर हात चालवला. त्यांना मी सगळी हकिकत सांगितली. त्यांनी प्लेटबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. केबलची नळी वाकलेली आहे की सरळ, एवढेच त्यांनी विचारले. मला उत्तर देता आले नाही, कारण त्या नळीकडे मी कधी लक्ष देऊन पाहिलेच नव्हते.

ती नळी समजून घेण्यासाठी या गाडीची रचना डोळ्यांसमोर आणावी लागते. क्लचचे पॅडल पुढे आहे आणि क्लच पाठीमागे. दोघांना जोडणारी तारेची केबल सांगाड्याच्या मधल्या बोगद्यातून मागे येते. बोगदा सांगाड्याचा भाग असल्याने हलत नाही. गिअरबॉक्स मात्र तीन रबरी माउंटिंगवर बसवलेला आहे, एक पुढे नाकाशी आणि दोन मागे. इंजिनला स्वतःचा वेगळा आधार नसून ते गिअरबॉक्सच्या मागे चार बोल्टांवर लटकलेले असते. क्लच पकडू लागला की हा सगळा जोड रबरावर थोडा हलतो. केबल जर स्थिर बोगद्यापासून हलत्या गिअरबॉक्सपर्यंत ताठ गेली असेल तर प्रत्येक हालचालीसरशी ती किंचित खेचली जाईल आणि किंचित सुटेल, म्हणजे पाय स्थिर असतानाही क्लच स्वतःच दाबला जाईल व सोडला जाईल. हे सेकंदात अनेकदा घडले की आपण त्याला थरथर म्हणतो. हे टाळण्यासाठी बोगदा व गिअरबॉक्स यांच्यामधल्या टप्प्यात केबलवर एक लवचीक बाउडन नळी घातलेली आहे आणि ती मुद्दाम खाली झोल देऊन बसवायची असते. झोलामुळे गिअरबॉक्सची हालचाल नळीत सामावते, आणि वाकलेल्या नळीत केबलला जे थोडे घर्षण होते त्यामुळे उरलेले कंपनही दबते.

हा झोल २५ ते ४५ मिलिमीटर असावा. मोजण्यासाठी नळीच्या दोन टोकांना सरळ पट्टी लावून मधल्या सर्वांत खालच्या बिंदूपर्यंतचे अंतर पाहावे. माझ्या गाडीत ते जेमतेम ६ मिलिमीटर भरले. नळीचे मागचे टोक गिअरबॉक्सवरच्या ब्रॅकेटमध्ये बसते आणि झोल वाढवण्यासाठी ब्रॅकेट व नळीचे टोक यांच्यामध्ये वायसर घालतात. पूर्वी कधीतरी गिअरबॉक्स उतरवला गेला असणार आणि परत बसवताना ते वायसर कोणाच्या तरी हातून राहिले असणार. पाच रुपयांच्या वायसरसाठी दोन क्लच प्लेट वाया गेल्या असे म्हणण्याचा मोह मलाही झाला, पण ते पूर्ण सत्य नव्हते. वायसर घालून झोल ३२ मिलिमीटर केल्यावर थरथर निम्म्याहून कमी झाली. ती पूर्णपणे मात्र गेली नाही.

झोल बदलला की केबलची मोकळीकही बदलते, म्हणून ती लगेच पुन्हा जुळवावी लागते. गिअरबॉक्सवरच्या क्लच लिव्हरच्या टोकाला केबलवर विंग नट असतो. तो फिरवून पॅडलला वरून हाताने दाबल्यावर १० ते २० मिलिमीटर मोकळीक राहील असे करावे. मोकळीक अजिबात नसेल तर रिलीज बेअरिंग सतत दाबलेले राहते आणि क्लच घसरतो. ती फार असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. प्लेट झिजते तशी मोकळीक कमी होत जाते, वाढत नाही. कमी वापरातही ती वाढत असेल तर केबलचे पीळ तुटत आहेत, किंवा बोगद्यात केबलला धरणाऱ्या नळीचे वेल्डिंग सुटले आहे, असा संशय घ्यावा. तसे असेल तर पॅडल दाबताना बोगद्यातून कट् असा आवाज येतो.

यानंतर मी रबरी माउंटिंग पाहिली. गाडीखाली जाऊन दोन मागच्या रबरांवर टॉर्चचा प्रकाश पाडला तेव्हा डावे रबर फुगलेले आणि बोटाने दाबल्यावर मऊ लागत होते. रबर उन्हाने कडक होते, पण ते फुगते तेव्हा त्याने तेल प्यायलेले असते. त्याच्या वर गिअरबॉक्स आणि इंजिन यांच्या जोडाची कड होती व त्या कडेवर तेलाचा ओघळ होता. येथे तिन्ही गोष्टी एका धाग्यात आल्या. इंजिन व गिअरबॉक्स यांच्या जोडातून येणारे तेल प्लेटवरही पडत होते आणि रबरावरही. रबर मऊ झाल्याने हालचाल वाढली होती आणि सरळ झालेल्या नळीने ती हालचाल थेट क्लचपर्यंत पोहोचवली होती. फक्त प्लेट बदलल्यावर तिच्या नव्या कोरड्या अस्तरामुळे (घासून पकड घेणाऱ्या थरामुळे) काही महिने हे सर्व झाकले जात होते, इतकेच.

तेल इंजिनचे की गिअरबॉक्सचे, हे इंजिन उतरवण्याआधीच ठरवावे, कारण त्यावरून कोणते सील मागवायचे ते कळते. गिअरबॉक्सचे तेल दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. पांढऱ्या फडक्यावर थेंब घेऊन वास घेतला तर चूक होण्याची शक्यता कमी. माझ्याकडे वास इंजिन ऑईलचा होता. ते फ्लायव्हीलमागच्या मोठ्या सीलमधून येत असण्याची शक्यता सर्वाधिक होती. फ्लायव्हीलच्या मागेच कॅमशाफ्टच्या टोकाचे झाकणही असते व तेही गळू शकते, हे लक्षात ठेवावे.

यापुढची चाचणी या संपूर्ण लेखातील सर्वांत उपयोगी आहे, असे मी मानतो. इंजिन बंद ठेवून एका माणसाला पॅडलवर बसवावे आणि आपण मागे इंजिनच्या खालच्या पुलीकडे पाहावे. पॅडल दाबल्यावर रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटला व पर्यायाने क्रँकशाफ्टला (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला) पुलीच्या दिशेने ढकलते. क्रँकशाफ्टला लांबीच्या दिशेने ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर एवढाच प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, असायला हवा. एवढी हालचाल नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. माझा पुतण्या पॅडल दाबत होता आणि मला पुली आत-बाहेर सरकताना स्पष्ट दिसत होती. डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे घड्याळी माप) लावल्यावर आकडा ०.२५ मिलिमीटर आला. म्हणजे प्रत्येक वेळी क्लच दाबताना शाफ्ट आणि फ्लायव्हीलचा गळा सीलच्या ओठामधून पाव मिलिमीटर पुढे-मागे होत होता. अशा स्थितीत कितीही चांगले सील घातले तरी ते फार दिवस टिकत नाही. दुसऱ्या वेळी मी सील बदलले असते तरी तेल परत आले असते, आणि मी सीलच्या दर्जाला दोष दिला असता.

आता इंजिन उतरवण्याविषयी. पावसाळ्यापूर्वीचे कोरडे दिवस त्यासाठी उत्तम. बॅटरी प्रथम काढावी. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, कारण हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो आणि तीच चाके आपण उचलणार असतो. गाडीखाली चिरे रचून तिला टेकू देण्याची आपल्याकडे सवय आहे. ती मी कळकळीने सोडून द्यायला सांगतो. जांभ्याचा चिरा भिंतीत भार घेतो, पण टोकदार लोखंडाखाली तो फुटतो आणि फुटण्याआधी कोणतीही सूचना देत नाही. वजन तोलण्यासाठी बनवलेले लोखंडी स्टँडच टॉर्शन बारच्या नळीखाली दोन्ही बाजूंना लावावेत आणि खाली जाण्यापूर्वी गाडी हाताने हलवून पाहावी. कारमान गियाचे अंग अखंड वेल्ड केलेले असल्याने इंजिन त्याच्या कडेखालून बाहेर काढावे लागते. पंख्याच्या आवरणासह इंजिन बाहेर येण्यासाठी मागची कड जमिनीपासून सुमारे तीन फूट उंच असावी लागते.

पेट्रोलची रबरी नळी चिमटा लावून बंद करावी, मगच सोडावी आणि जवळ वायरवर लटकणारा तापता बल्ब ठेवू नये. ही नळी पुन्हा तीच बसवू नये. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व जुन्या रबराला ते मानवत नाही. या गाड्यांच्या बाबतीत गळकी पेट्रोल नळी आणि गरम इंजिन ही जोडी आग लावते, म्हणून इथेनॉल सहन करणारी नळी लावण्याची संधी सोडू नये. त्यानंतर अॅक्सिलरेटरची केबल, हीटरच्या केबल व नळ्या आणि डायनमो, कॉइल, कार्ब्युरेटर व ऑईल प्रेशर स्विच यांच्या तारा खुणा करून सोडवाव्यात. इंजिनचे खालचे दोन नट गाडीखालून निघतात. वरच्या बोल्टांपैकी एक पंख्याच्या आवरणामागे दडलेला असतो, म्हणून एक जण वर आणि एक जण खाली असा दोघांचा हात लागतो.

इंजिनचे वजन सुमारे ११० किलो असते. ट्रॉली जॅकवर जाड फळी ठेवून ते तोलावे आणि सरळ रेषेत मागे ओढावे. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत ते खाली करू नये. साधारण दहा सेंटिमीटर मागे आल्यावर तो सुटतो. घाईत इंजिनचे वजन त्या शाफ्टवर लटकले तर प्लेटचा मधला भाग वाकतो, आणि मग नवी प्लेटही पहिल्या दिवसापासून थरथरते. परत बसवताना हीच चूक घडण्याची शक्यता अधिक असते.

प्लेट व प्रेशर प्लेट काढल्यावर आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बंद करून टाकावे. फ्लायव्हील मधल्या ३६ मिलिमीटरच्या ग्लँड नटने धरलेले असते. प्रेशर प्लेटच्या दोन भोकांत लांब अँगल पट्टी बांधून फ्लायव्हील अडवावे आणि नट सोडवावा. फ्लायव्हीलला जागी धरणाऱ्या चार डॉवेल पिनांची भोके गोल आहेत की लांबट झाली आहेत ते नखाने चाचपून पाहावे, कारण ती सैल असतील तर फ्लायव्हील डुलते व थरथर कशानेच जात नाही. माझी भोके चांगली होती. फ्लायव्हीलच्या घर्षणपृष्ठावर निळे डाग होते, म्हणून कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील एका लेथवर ते हलकेच कापून घेतले. लेथवाल्याला एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते. घर्षणपृष्ठ जितके कापले तितकीच प्रेशर प्लेट बसण्याची कडही कापली पाहिजे, नाहीतर प्लेटवरचा दाब बदलतो. सीलचा ओठ जेथे घासतो त्या गळ्यावर नखाला लागेल असा खळगा असेल तर नवीन सील तेथेही गळेल, तेव्हा तेही याच वेळी पाहावे.

मग प्लेचे काम. क्रँकशाफ्ट आणि फ्लायव्हील यांच्यामध्ये पातळ पोलादी शिम असतात आणि त्या नेहमी तीन असतात. त्यांच्या जाडीवर प्ले ठरतो. पद्धत अशी की, सील न घालता फक्त दोन शिम ठेवून फ्लायव्हील बसवावे, नट घट्ट करावा आणि डायल गेजने प्ले मोजावा. आलेल्या आकड्यातून ०.१० वजा केले की तिसऱ्या शिमची जाडी मिळते. मला दोन शिमवर ०.४४ मिळाले, म्हणून ०.३४ ची तिसरी शिम घातली. पुन्हा मोजल्यावर ०.१० भरले. हे मोजमाप मी तीनदा केले, कारण शिमखाली अडकलेला धुळीचा एक कण संपूर्ण हिशेब खोटा ठरवू शकतो. बाजारात मिळणाऱ्या सर्वांत जाड शिमनेही प्ले मर्यादेत येत नसेल, तर पहिल्या मेन बेअरिंगचा खांदा किंवा केसचा कठडा झिजलेला आहे असे समजावे. तेव्हा शिमांनी भागत नाही, इंजिन उघडावेच लागते.

सील बसवताना केसची बैठक कोरडी व स्वच्छ हवी. सीलचा ओठ इंजिनच्या आतल्या बाजूला असावा व ओठावर तेलाचा हात फिरवावा. ते सर्व बाजूंनी समान खोलीवर, बैठकीच्या तळापर्यंत बसले पाहिजे. हातोडीच्या थेट घावाने ते तिरपे बसते, म्हणून मी जुने सील उलटे ठेवून त्यावर लाकडी चकती ठेवली व सावकाश ठोकले. आतल्या तीन शिम घालायला विसरून सील बसवणारे लोक मी पाहिले आहेत, तेव्हा क्रम कागदावर लिहून जवळ ठेवावा.

ग्लँड नटला सुमारे ३० किलोग्रॅम-मीटर टॉर्क लागतो, म्हणजे सुमारे ३०० न्यूटन-मीटर. इतका मोठा टॉर्क पाना घरी क्वचितच असतो. मजबूत पान्याला नळी जोडून नटाच्या मध्यापासून बरोबर एक मीटरवर खूण करावी, नळी आडवी ठेवावी आणि त्या खुणेवर ३० किलो भार द्यावा, म्हणजे हिशेब जुळतो. मी तांदळाची तीस किलोची पोती तेथे टांगली होती. नळीचे स्वतःचे वजन थोडी भर घालते, म्हणून ती हलकी घ्यावी. नट बसवण्यापूर्वी त्याच्या आतल्या सुई बेअरिंगमध्ये थोडेसे ग्रीस भरावे. ते बेअरिंग कोरडे पडले की क्लच नीट सुटत नाही.

प्रेशर प्लेट मागवताना एक फसगत होते. १९७१ च्या मॉडेलपासून गिअरबॉक्सवर रिलीज बेअरिंगसाठी मार्गदर्शक नळी आली, आणि त्या गाड्यांच्या प्रेशर प्लेटच्या मध्यभागी कडे नसते. त्याआधीच्या माझ्यासारख्या गाड्यांना मध्यभागी कडे असलेली प्रेशर प्लेट लागते. व्यास दोन्हींचा २०० मिलिमीटरच असल्याने दुकानदार चुकीची देऊ शकतो आणि ती बोल्टांवर व्यवस्थित बसतेही. आपला गिअरबॉक्स डोळ्यांनी पाहूनच मागणी नोंदवावी.

प्लेट लावताना जुन्या इनपुट शाफ्टच्या तुकड्याने किंवा त्या मापाच्या दांड्याने ती मध्यभागी धरावी आणि प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून २५ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत. इनपुट शाफ्टचे दात तारेच्या ब्रशने स्वच्छ करून त्यांवर मॉलिब्डेनम ग्रीसचा इतका पातळ थर द्यावा की तो डोळ्यांना दिसू नये. जास्त ग्रीस फिरताना उडते आणि पुन्हा प्लेटवरच येते. इंजिन परत चढवल्यावर चारही बोल्ट प्रथम हाताने पूर्ण आत गेले पाहिजेत आणि दोन्ही केस एकमेकांना टेकल्यावरच ३० न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत. फट राहिली असताना बोल्टांनी खेचून इंजिन जवळ आणणे म्हणजे प्लेट वाकवणेच होय. इंजिन आत जात नसेल तर पुली थोडी फिरवावी, दात जुळले की ते अलगद सरकते.

गिअरबॉक्सची मागची दोन्ही रबरे मी जोडीने बदलली. एकच बदलले असते तर दोन बाजूंची ताठरता वेगळी राहिली असती. पुढचे नाकाचे रबर चांगले होते, म्हणून तसेच ठेवले. शेवटी झोल पुन्हा मोजला, कारण नवीन रबरांमुळे गिअरबॉक्सची उंची बदलते. तो २७ वर आला होता, म्हणून आणखी एक वायसर घालून पुन्हा ३२ केला व त्यानंतर पॅडलची मोकळीक १५ मिलिमीटरवर बांधली.

पहिले तीन-चारशे किलोमीटर चढावर क्लचवर गाडी तोलून धरली नाही आणि त्यानंतर मोकळीक पुन्हा तपासली. ती १५ वरून १२ वर आली होती, जे अस्तर बसताना अपेक्षितच असते. त्यानंतर आल्तिन्हच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये गाडी मुद्दाम थांबवून सोडून पाहिली आणि पुढच्याच आठवड्यात ओहोटीच्या वेळी चोडणला गेलो. धक्क्याच्या चढावर गाडी एका संथ ओढीने वर आली.

आता दर ५,००० किलोमीटरला तेल बदलताना मी गाडीखाली जातो तेव्हा पाच मिनिटे या तीन गोष्टींसाठी राखून ठेवतो. यंदा पावसाळा संपल्यावर पाहिले तेव्हा नळीचा झोल होता तेवढाच होता, पुतण्याने पॅडल दाबल्यावर पुली सरकताना दिसली नाही, आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडाच्या खालच्या कडेवरून बोट फिरवले तर ते कोरडे राहिले.